भंगारातून क्युबिस्ट मुखवटा: आधी पातळ्या ठरवा, वस्तू नंतर

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातली खेड्यातली शाळा, सातवी-आठवीची मुलं, खर्चायला पैसे जवळपास नाहीत. पुठ्ठ्याचा लांबट गोल कापून त्यावर बाटल्यांची झाकणं, सायकलची चेन, तुराट्या चिकटवून मुखवटे केले. ते क्युबिस्ट, म्हणजे पिकासो वगैरेंच्या पैलू पाडलेल्या शैलीतले, दिसत नाहीत, चेहऱ्याला भंगार लावल्यासारखे दिसतात. पुठ्ठा वाकतो आणि आठवड्याभरात वस्तू गळतात. तेव्हा गोंद कोणता आणावा आणि आणखी कोणत्या वस्तू गोळा कराव्यात?

गोंदाचं आणि वस्तूंचं खाली सविस्तर लिहितो. पण तुमची अडचण तिथून सुरू होत नाही. तुमच्या मुखवट्यात सगळ्या वस्तू एकाच पातळीवर बसल्या आहेत. बाहेरची रेषा अंडाकृती, वर दोन डोळे, मधे नाक, खाली तोंड. म्हणजे चेहऱ्याची रचना नेहमीचीच राहिली, फक्त रंगाच्या जागी झाकणं आली. क्युबिस्टांनी बदलली ती रचनाच. कपाळ, गाल, नाकाची बाजू, हनुवटी यांचे त्यांनी सपाट पैलू पाडले, प्रत्येक पैलू वेगळ्या दिशेला कलता केला आणि समोरून दिसणारा चेहरा व बाजूने दिसणारा चेहरा एकाच आकृतीत बसवला. उठावाच्या कामात हे सगळं उजेड आणि सावलीवर चालतं. पातळ्यांमध्ये फरक नसेल तर सावली पडत नाही, आणि सावली नसेल तर कितीही चांगलं भंगार आणलं तरी काम सपाटच दिसणार.

मुलांना दाखवायला पिकासोची तीन कामं पुरेत. 1909 सालचं स्त्रीचं डोकं पाहा, त्यात चेहरा आणि केस पैलूंमध्ये फुटलेले आहेत. 1912 मध्ये त्याने पुठ्ठा, कागद, सुतळी आणि तार यांपासून गिटार केली. 1914 मध्ये तीच कल्पना पत्र्यात उतरवली. या दोन्ही गिटारी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. पत्र्याच्या गिटारीत मधलं भोक हे भोक नाहीच, तिथे पुढे आलेली नळी आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रेबो लोकांच्या मुखवट्यांमध्ये डोळे असेच नळीसारखे पुढे आलेले असतात. असे मुखवटे पिकासोकडे होते, आणि गिटारीतल्या नळीचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो. खोलगट जागा दाखवायला वस्तू पुढे काढायची, ही एक युक्ती मुलांना कळली तरी अर्धं काम झालं. ग्रेबो लोकांचं नाव मुलांना जरूर सांगा. ही कल्पना त्यांच्या कारागिरांची आहे.

आता काय कशावर अवलंबून आहे ते. हे मुखवटे भिंतीवर टांगायचे आहेत असं धरून मी लिहितो आहे. गॅदरिंगला किंवा दंडारीत (विदर्भातल्या लोकनाट्यात) तोंडावर बांधायचे असतील तर वजन, डोळ्यांची भोकं, आतली बाजू असं सगळंच बदलतं आणि पत्रा-तार पूर्ण बाद होते. दुसरं म्हणजे हंगाम. एप्रिल-मेच्या उन्हात फेविकॉलवर पटकन साय धरते, आतला ओला राहतो आणि वरवर पक्का वाटलेला जोड हलवला की सुटतो. श्रावणात तोच जोड वाळायला पूर्ण दिवस लागतो आणि कागदाला बुरशी धरते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामाला सगळ्यात चांगला. तिसरं, तुमच्याकडे पत्रा कापायची कात्री, पक्कड आणि हातड्रिल आहे का, यावर लोखंडाचं किती करायचं ते ठरवा.

सुरुवात कागदावर करा, तीही खऱ्या मापात. 30 बाय 45 सेंटिमीटरचा वर्तमानपत्राचा कागद घ्या. मधोमध समोरचा चेहरा ढोबळ काढा. मग त्याच कागदावर, त्याच उंचीवर, डावीकडे पाहणारा बाजूचा चेहरा काढा, असा की त्याची कपाळ-नाक-ओठ-हनुवटीची रेषा समोरच्या चेहऱ्याच्या बरोबर मधून उतरेल. ही रेषा चेहऱ्याचे दोन भाग करते. एका भागात डोळा समोरून पाहिलेला, दुसऱ्यात बाजूने पाहिलेला त्रिकोणी. आता सगळ्या वळणदार रेषा पट्टीने सरळ करून घ्या. एकूण सात ते अकरा पैलू झाले पाहिजेत. पाचाहून कमी झाले तर पेटी दिसते, पंधराच्या वर गेले तर मुलांच्या हातून कडा सांभाळल्या जात नाहीत. बाहेरची अंडाकृती रेषा एका बाजूला तरी मोडा. कपाळाचा कोपरा बाहेर काढा किंवा जबडा तिरका कापा.

मग प्रत्येक पैलूवर आकडा टाका: 0 म्हणजे पाटाची, मागच्या सपाट आधाराची, पातळी, 1 म्हणजे एक सेंटिमीटर वर, 2 म्हणजे अडीच, 3 म्हणजे पाच, आणि नाकाचा कणा सात ते आठ सेंटिमीटर. 45 सेंटिमीटर उंचीच्या मुखवट्याला यापेक्षा जास्त खोली नको, नाहीतर तो पुढे झुकतो. शेजारच्या दोन पैलूंत निदान एक सेंटिमीटरचा फरक ठेवा. उजेड 45 अंशांनी तिरका येत असेल तर जेवढी पायरी तेवढीच लांब सावली पडते. चार मिलिमीटरच्या पायरीची चार मिलिमीटर सावली व्हरांड्यातून जाणाऱ्याला दिसणारच नाही. 2 शेजारी 2 आला तर एकाचा आकडा बदला. हा आकड्यांचा कागद झाल्याशिवाय मुलांना एकही वस्तू चिकटवू देऊ नका. मुलांना याच टप्प्यावर घाई होते, आणि इथली घाई पुढे निस्तरता येत नाही.

पाटाला सगळ्यात चांगला सहा मिलिमीटरचा प्लायवूड किंवा फळांच्या पेटीच्या फळ्या. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या सुताराकडे सागाचे तुकडेही मिळतात. पुठ्ठाच वापरायचा असेल तर खोक्याच्या पुठ्ठ्याचे तीन थर घ्या आणि आतल्या नळ्या एका थरात उभ्या, मधल्यात आडव्या, तिसऱ्यात पुन्हा उभ्या ठेवा. तुमचा पुठ्ठा वाकतो कारण एकाच बाजूला ओली खळ लागते. वाळताना कागद आखडतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून पुढे जेवढे कागदाचे थर द्याल तेवढेच मागेही द्या, सावलीत वाळवा, अर्धवट वाळल्यावर दोन विटांखाली दाबून ठेवा. मागून बांबूच्या दोन कांब्या आडव्या बांधल्या की पाट वर्षभर सरळ राहतो.

कलते पैलू हे या कामातलं मुख्य कसब, म्हणून इथे जरा थांबतो. नुसत्या पायऱ्या केल्या तर काम नकाशावरच्या डोंगरासारखं दिसतं, चेहरा दिसत नाही. गालाचा पैलू एका कडेला पाटाला टेकलेला आणि दुसऱ्या कडेला चार सेंटिमीटर उचललेला हवा. त्यासाठी खाली पुठ्ठ्याच्या त्रिकोणी फासळ्या उभ्या करा, दर पाच-सहा सेंटिमीटरला एक. वरचा तुकडा मुलं कागदावरच्या आकृतीबरहुकूम कापतात आणि तो हमखास आखूड पडतो. कारण उतार हा पायापेक्षा लांब असतो. पाया सहा आणि उंची चार सेंटिमीटर असेल तर उताराची बाजू 36 अधिक 16, म्हणजे 52 चं वर्गमूळ, सुमारे 7.2 सेंटिमीटर येते. हाच पायथागोरसचा सिद्धांत. गणिताच्या तासाला हे करून घेता आलं तर फारच उत्तम.

घडी घालायची असेल तेव्हा पट्टी धरून ब्लेडच्या पाठीने किंवा रिकाम्या बॉलपेनने रेष दाबा, पुठ्ठ्याची निम्मी जाडी दबेल इतकीच. बाहेर येणाऱ्या कडेसाठी रेष बाहेरून, आत जाणाऱ्या खाचेसाठी आतून. उलट केलं तर कडेचा कागद फाटतो. गोल नळी उभी करायची असेल तर तिच्या खालच्या कडेला दीड सेंटिमीटरचे काप देऊन पाकळ्या बाहेर दुमडा आणि त्या चिकटवा.

पैलू उभे राहिले की रंग, वस्तू काहीही न लावता खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. चेहरा तिथे वाचता आला तर पुढे जा. नाही आला तर पैलूंचे कल बदला. अजून फक्त पुठ्ठाच खर्ची पडलेला असतो.

आता वस्तू. मुलांनी आणलेल्या ढिगाचे नावाने नाही, आकाराने गठ्ठे करा: सपाट, नळी, कडी, काडी, जाळी. मग आकड्यांच्या कागदाकडे पाहून ज्या पैलूला जो आकार हवा तो उचला. तुमच्या भागात मिळणाऱ्या गोष्टींत मला सगळ्यात उपयोगी वाटतात त्या सांगतो. फाटलेल्या सुपाचा किंवा टोपल्याचा सपाट तुकडा गालाला, कारण त्याची वीण तिरक्या उजेडात सुंदर उमटते. तूर निघाल्यावरच्या सोललेल्या तुराट्या एका मापात कापून, एकमेकींना चिकटून समांतर लावल्या की केस किंवा कपाळावरच्या आठ्या होतात. जुन्या ठिबकच्या 16 मिलिमीटरच्या नळीचे तुकडे ओठांना, 63 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपची चार सेंटिमीटर लांब कडी ग्रेबो पद्धतीच्या डोळ्याला. तेलाच्या 15 किलोच्या डब्याचा पत्रा नाकाला, कारण पत्र्याची घडी पुठ्ठ्यापेक्षा धारदार राहते. बेअरिंगची कडी, सायकलची चेन, बंडीच्या (बैलगाडीच्या) जुन्या खिळ्या, जाळीचा तुकडा हेही चालेल, पण एका मुखवट्यात ओळखू येणाऱ्या वस्तू दोनच ठेवा, फार तर तीन. बाकीच्यांचा आकार वापरा, ओळख रंगाखाली जाऊ द्या. प्रत्येक वस्तू ‘मी चेन आहे, मी झाकण आहे’ असं ओरडू लागली की चेहरा मागे पडतो. तुमच्या मुखवट्यांत नेमकं तेच झालं आहे. कवेलूचा (कौलाचा) तुकडा दिसतो छान, पण जड असतो. प्लायवूडचा पाट असेल तरच लावा.

काय आणू द्यायचं नाही, हे तितकंच काटेकोर पाळा. कीटकनाशकाची बाटली, डबा, त्याचं झाकण, फवारणी पंपाचे भाग यांतलं काहीही शाळेत नको, धुतलेलं असलं तरी नको. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. तिथल्या पालकांना याचं कारण वेगळं समजावावं लागणार नाही. औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशव्याही नकोत. सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे तुकडे नकोत, त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना ते श्वासात जातं. ट्यूबलाइट, बॅटरी, पापुद्रे सुटलेला जुना ऑइलपेंट हेही बाद. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, वापरायची असेल तर वाळलेली बोंडं काढून शेतातच नष्ट करा, कारण गुलाबी बोंडअळी त्यात सुप्तावस्थेत राहते. पत्रा मुलांना कापू देऊ नका. तुम्ही कापा, प्रत्येक कड पाच मिलिमीटर आत मुडपून पकडीने दाबा आणि मगच त्यांच्या हातात द्या.

जोडण्याचं तत्त्व साधं आहे: फेविकॉल पाणी सोडून वाळतो, त्यामुळे दोनपैकी निदान एक पृष्ठभाग पाणी शोषणारा हवा. पुठ्ठ्यावर लाकूड, कागद, सूप, सुतळी, तुराटी उत्तम धरते. गुळगुळीत प्लॅस्टिक आणि पत्रा धरत नाही. वाळताना जोड पक्का वाटतो, पण दिवसाच्या उन्हाने प्लॅस्टिक पसरतं, रात्री आखडतं आणि आठवड्याभरात गोंदाचा पापुद्रा अख्खा सुटून येतो. तुमच्या गळलेल्या झाकणांमागे गोंदाची गुळगुळीत चकती दिसत असेल तर कारण हेच. ठिबकची नळी तर कुठल्याच घरगुती गोंदाला दाद देत नाही. असल्या वस्तू बांधाव्याच लागतात. बांधकामावर सळया बांधायची काळी तार कोणत्याही गवंड्याकडे मिळते. वस्तूच्या दोन्ही बाजूंना पाटात भोकं पाडा, तार मागे काढून पकडीने तीन-चार पीळ द्या, टोक दुमडून कागदाने झाका. पीळ जास्त दिला तर तार तुटते आणि पुठ्ठा चिरतो. म्हणून मागच्या बाजूला तारेखाली बांबूची काडी घाला, ताण तिच्यावर येतो. साधारण शंभर ग्रॅमच्या वरची कुठलीही वस्तू, ती लाकडाची असली तरी, बांधलेलीच असावी. तेलाच्या डब्याचा पत्रा आधी राख आणि साबणाने घासून घ्या, नाहीतर रंगही धरणार नाही. लोखंडाला रेड ऑक्साइडचा हात देऊन वाळवा. तसं न करता ओल्या कागदाशी लावलं तर गंजाचा डाग वर फुटतो.

सांधे झाकायला खळ घरीच करा. एक वाटी मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या न राहता कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओता आणि ढवळत राहा, पारदर्शक झाली की उतरवा. निवल्यावर तिच्या पाव हिस्सा फेविकॉल मिसळा. खळीत मोरचूद टाकायची जुनी पद्धत आहे, त्याने कीड लागत नाही, पण ते विषारी आहे. मुलांच्या हातात नको. एका दिवसात संपेल इतकीच खळ करा. कागद कात्रीने न कापता फाडून घ्या, फाटलेली कड नीट बसते. आणि पट्ट्या फक्त सांध्यांवर लावा. संपूर्ण चेहऱ्यावर तीन-चार थर चढवले की सगळ्या कडा गोल होतात आणि मेहनतीने पाडलेले पैलू लगद्याच्या गोळ्यासारखे दिसू लागतात. कड बोथट झालीच तर जाड कागदाची घडी त्या कडेवर टोपीसारखी चिकटवा.

रंगाबद्दल फार लिहित नाही. सुरुवातीचे क्युबिस्ट मुख्यतः तपकिरी, राखाडी आणि पिवळसर मातकट रंगांत काम करत, आणि तेच तुमच्याकडे जवळपास फुकट आहे: गेरू, पिवळी माती, चुलीवरची काजळी, खडूची भुकटी. एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी यांत रंग कालवा. वाळल्यावर अंगठा घासून रंग निघाला तर फेविकॉल वाढवा, चकाकी आली तर पाणी वाढवा. आधी सगळ्यावर खडूचा एकच पांढरा हात द्या, म्हणजे वेगवेगळ्या वस्तू एका कामाच्या होतात. मग वर पाहणारे पैलू फिके, खाली पाहणारे गडद रंगवा. एवढं झाल्यावर दोन-तीन ठिकाणी मुद्दाम उलट करा: ज्या पैलूवर खरा उजेड पडतो तो गडद, सावलीतला फिका. रंगाची सावली आणि खरी सावली एकमेकींशी भांडू लागली की डोळा त्या पैलूवर थांबतो, तो पुढे आहे की मागे हे पुन्हापुन्हा तपासत राहतो. सुपाची वीण किंवा डब्यावरची छापील मराठी अक्षरं अशी एखादी जागा पहिल्या पांढऱ्या हातापासूनच रंगाविना उघडी ठेवा. क्युबिस्टांनीही चित्रांत छापील अक्षरं आणि वर्तमानपत्राचे तुकडे असेच ठेवले.

वेळेचं म्हणाल तर चार मुलांचा एक गट आणि एक मुखवटा, असं धरून जोडतासिका सहा लागतील: आकृती आणि आकडे, पाट, पैलू, वस्तू बांधणं, सांधे, रंग. पाट आणि सांधे यांच्यानंतर निदान एक दिवस मधे जाऊ द्या.

टांगताना तार वरच्या पाव भागात, दोन ठिकाणी बांधा. मध्यावर बांधली तर नाकाच्या भाराने मुखवटा वरून पुढे कलतो. मागे एक सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे लावून भिंतीपासून अंतर ठेवा, नाहीतर ओल आणि वाळवी दोन्ही मागून शिरतात. जागा निवडताना व्हरांड्याची लांब भिंत टाळा, तिच्यावर उजेड समोरून येतो आणि सगळे पैलू विरघळतात. व्हरांड्याच्या टोकाची आडवी भिंत घ्या, तिच्यावर उजेड बाजूने येतो. तिथे खिळा ठोकण्याआधी सकाळी आणि दुपारी एकेकदा मुखवटा हाताने धरून पाहा, आणि पहिला पाऊस पडायच्या आत सगळे मुखवटे उतरवून वर्गात कोरड्या भिंतीवर घ्या.